सत्तरीतला ड्रोन : डोळे, मान आणि मन

हळदीच्या मांडवावर घिरट्या घालणारा, वारीतले रिंगण वरून टिपणारा, उसाच्या फडावर औषध फवारणारा, गावठाणाची मोजणी करणारा. ड्रोन आता महाराष्ट्रात कुणालाच नवा राहिलेला नाही. नवी गोष्ट आहे ती त्याच्या मालकाच्या वयाची. रक्तदाब तपासून घ्यायला किंवा साखरेचा रिपोर्ट दाखवायला आलेली काही ज्येष्ठ मंडळी हल्ली उठता उठता विचारतात, ‘डॉक्टर, मुलाने ड्रोन घेऊन दिलाय. या वयात उडवला तर चालेल ना?’ सोबत आलेल्या सूनबाई मागून मानेनेच ‘नको म्हणा’ अशी खूण करत असतात.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असेच द्यावे, असे माझे मत आहे. मात्र या ‘हो’ला काही अटी आहेत. त्या ड्रोनच्या पुस्तिकेत छापलेल्या नसतात, कारण पुस्तिका यंत्राविषयी बोलते, उडवणाऱ्याच्या शरीराविषयी नाही. आज त्याच अटींविषयी थोडे सविस्तर.

औषधविक्रेत्याची कबुतरे

आकाशातून जमीन पाहण्याची हौस ड्रोनपेक्षा फार जुनी आहे. नादार या नावाने प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ साली पॅरिसजवळ बलूनमध्ये बसून हवाई छायाचित्र काढले. पण आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे तो जर्मनीतल्या क्रोनबर्ग गावचा युलियस नॉयब्रोनर. तो व्यवसायाने औषधविक्रेता. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि तातडीची औषधे तो कबुतरांकरवी पाठवत असे. एक कबूतर धुक्यात हरवले आणि चार आठवड्यांनी धडधाकट परतले. ते इतके दिवस कुठे होते, या कुतूहलातून त्याने कबुतराच्या छातीवर बांधता येईल असा चिमुकला, आपोआप फोटो काढणारा कॅमेरा तयार केला. १९०७ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. एवढे वजन घेऊन कबूतर उडूच शकणार नाही, म्हणून तो आधी नाकारला गेला. त्याने फोटो समोर ठेवल्यावर १९०८ मध्ये पेटंट मिळाले. अर्ज करताना त्याचे वय ५५ वर्षांचे होते. उतारवयात नवे यंत्र हाती घेणारा माणूस ही काही आजची गोष्ट नाही.

मेंदूला काय मिळते?

‘मेंदू चालता ठेवा’ हा सल्ला आम्ही डॉक्टर सर्रास देतो. पण मेंदू नेमका कशाने चालता राहतो, याचा शोध घेणारे प्रयोग तुलनेने थोडे. त्यातला एक इथे नेमका लागू पडतो. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस केंद्रातल्या डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी ६० ते ९० वर्षे वयाच्या २२१ जणांना वेगवेगळ्या गटांत विभागले. एका गटाला डिजिटल छायाचित्रण आणि संगणकावर फोटो सुधारणे शिकवले, दुसऱ्याला गोधडीसारखे शिवणकाम, तिसऱ्याला दोन्ही. आणखी एका गटाने एकत्र जमून गप्पा, सहली, खेळ असा वेळ घालवला; एका गटाने घरी बसून सोपी कोडी आणि संगीत. हा क्रम आठवड्याला सुमारे १५ तास, असा तीन महिने चालला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नवे आणि अवघड कौशल्य शिकणाऱ्यांची घटना लक्षात ठेवण्याची स्मरणशक्ती सुधारली. छायाचित्रण शिकणाऱ्यांत ही सुधारणा विशेष दिसली. नुसत्या गप्पा आणि ओळखीचे खेळ यांनी तेवढा फरक पडला नाही.

यातला कळीचा शब्द आहे ‘नवे’. जे येते तेच पुन्हा पुन्हा केल्याने मेंदूला घाम फुटत नाही. जे येत नाही ते शिकताना, चुकताना आणि पुन्हा करताना फुटतो.

दुसरा अभ्यास आकाराने खूप मोठा आहे. १६ देशांतल्या ६५ वर्षांवरील ९३ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. ज्यांना कसला तरी छंद होता, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान जास्त आढळले. अर्थात ज्यांची तब्येत आणि मन मुळातच बरे आहे तेच छंद जोपासतात, असेही असू शकते. म्हणून ड्रोन उडवल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तसा पुरावा नाही. पण निवृत्तीनंतर दिवसाचा आकारच हरवलेल्या माणसाला सकाळी उठून बाहेर पडायला कारण मिळणे, ही लहान गोष्ट नव्हे.

ड्रोनमध्ये छायाचित्रणाच्या जोडीला मेंदूला आणखी एक व्यायाम आहे. ड्रोनची पाठ तुमच्याकडे असते तेव्हा उजवी कळ दाबली की तो तुमच्या उजवीकडे जातो. तो वळून तुमच्याकडे तोंड करतो तेव्हा तीच कळ त्याला तुमच्या डावीकडे नेते. म्हणजे प्रत्येक क्षणी मनातल्या मनात स्वतःला फिरवून त्याच्या जागी बसवावे लागते. ही क्षमता वयाबरोबर मंदावते आणि सरावाने सुधारतेही. म्हणून पहिले काही दिवस ड्रोनची पाठ आपल्याकडेच ठेवून उडवावा. संगणकावर किंवा मोबाइलवर आभासी उड्डाणाचा सरावही करता येतो. तिथे ड्रोन झाडावर आपटला तरी खर्च येत नाही.

ड्रोनचा कान आणि आपला कान

दोन्ही कळा सोडून दिल्या की आजचे बहुतेक चांगले कॅमेरा-ड्रोन हवेत जागच्या जागी थांबतात. ज्येष्ठांसाठी ही सर्वांत मोठी सोय आहे. गोंधळ उडाला, शिंक आली, फोन वाजला, तर एकच करायचे : बोटे उचलायची.

हे जमते कसे? ड्रोनमध्ये गिरकी ओळखणारा जायरोस्कोप असतो आणि वेगातला बदल व गुरुत्वाकर्षण ओळखणारा अ‍ॅक्सेलरोमीटर असतो. त्यांच्या जोडीला हवेच्या दाबावरून उंची सांगणारा मापक, उपग्रहावरून जागा सांगणारे जीपीएस आणि खालची जमीन पाहणारा कॅमेरा. गंमत म्हणजे यातली पहिली दोन यंत्रे आपल्या आतल्या कानातही आहेत. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोके फिरल्याचे सांगतात आणि बारीक खड्यांच्या दोन पिशव्या डोके कलल्याचे सांगतात. डोळे आणि पायांच्या तळव्यांतून येणारी जाणीव त्यांना मदत करते. या तिन्हींच्या बेरजेवर आपण उभे असतो.

सत्तरीत ही तिन्ही यंत्रे थोडी थोडी जुनी झालेली असतात. मधुमेहाने तळव्यांची जाणीव कमी होते, मोतीबिंदूने नजर धूसर होते, आतल्या कानातले खडे जागा सोडतात. वर उडणाऱ्या यंत्राचा तोल पक्का आणि खाली उभ्या माणसाचा तोल कच्चा, अशी ही जोडी असते. या छंदात ज्येष्ठांना खरा धोका पात्यांपेक्षा पडण्याचा आहे.

माझ्या पाहण्यातले एक निवृत्त गृहस्थ ड्रोन नजरेत राहावा म्हणून मान वर करून एक एक पाऊल मागे सरकत गेले आणि शेताच्या बांधाला अडखळून पडले. सावरण्यासाठी टेकलेला हात मनगटात मोडला. ड्रोन मात्र वर शांतपणे थांबलेला होता. त्यांच्या बाबतीत मनगटावर निभावले. याच वयात खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरूण आणि अनेकदा कायमचे परावलंबन येते.

यावर उपाय साधा आहे. खुर्चीत बसून उडवा. पाठ टेकता येईल अशी, जमिनीवर पक्की बसणारी खुर्ची सोबत न्या. उभे राहायचेच असेल तर आधी पायाखालची जागा पाहून घ्या आणि ड्रोन हवेत असताना पाऊल हलवू नका. डोळ्यांवर गॉगलसारखा पडदा चढवून उडवण्याचा प्रकार तरुणांत लोकप्रिय आहे. त्यात डोळे हवेत आणि शरीर जमिनीवर असते, त्यामुळे मळमळते आणि तोल जातो. तो ज्येष्ठांनी टाळलेलाच बरा.

मान : संक्रांतीचा धडा

पतंग उडवल्यावर मान धरल्याची तक्रार घेऊन लोक येतात, ते उगाच नाही. मान मागे टाकून बराच वेळ राहिले की मणक्यांच्या मागच्या सांध्यांवर ताण येतो. ज्यांना मानेचा स्पॉन्डिलोसिस आहे त्यांच्या हाताला मुंग्या येऊ शकतात. आतल्या कानातले खडे सुटलेल्यांना वर पाहताक्षणी गरगरते. वरच्या फळीवरचा डबा काढताना चक्कर येते, अशी तक्रार करणारे हेच रुग्ण.

इथे थोडी भूमिती कामाला येते. ड्रोन ३० मीटर उंच आणि तुमच्यापासून फक्त १० मीटर पुढे असेल तर तो पाहायला नजर सुमारे ७० अंश वर न्यावी लागते, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. तोच ड्रोन त्याच उंचीवर ६० मीटर पुढे नेला तर हा कोन २७ अंशांवर येतो आणि मान जवळजवळ सरळ राहते. म्हणून एक नियम करा : ड्रोन डोक्यावर नको, समोर हवा. सरळ खाली पाहणारा फोटो हवा असेल तर ड्रोन आधी दूर न्या आणि मग कॅमेरा खाली वळवा.

डोळे : ठिपका दिसणे म्हणजे ड्रोन दिसणे नव्हे

ड्रोन नेहमी स्वतःच्या नजरेच्या टप्प्यात हवा, ही सुरक्षेची पहिली अट. तो टप्पा प्रत्येकाचा वेगळा असतो. दवाखान्यातल्या तक्त्यावर ६/६ ची जी ओळ असते, त्यातले अक्षर डोळ्याशी पाच कला एवढा कोन करते. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पसरलेल्या पात्यांसह साधारण ३० सेंटिमीटरचा लहान ड्रोन १२० मीटरवर नेला तर तो जेमतेम साडेआठ कलांचा कोन करतो, म्हणजे ६/९ आणि ६/१२ या ओळींच्या मधल्या अक्षराएवढा. ज्यांची नजर चष्म्यासह ६/१८ आहे त्यांना त्या अंतरावर ठिपका दिसेल, पण त्याचे तोंड कुठे आहे हे कळणार नाही. त्यांच्यासाठी ६५ मीटरच्या आसपासच मर्यादा येते. ढगाळ आभाळ किंवा मावळतीचा प्रकाश असेल तर त्याहून अलीकडे.

म्हणून ड्रोन घेण्यापूर्वी डोळ्यांची तपासणी करून घ्या. मोतीबिंदू असेल तर समोरून येणाऱ्या उजेडात आकृती पुसट होते, मग अंतराचा अंदाज चुकतो. काचबिंदूत कडेचे दिसत नाही आणि बाजूची विजेची तार लक्षात येत नाही. सूर्य पाठीशी ठेवा. ड्रोन सूर्याच्या दिशेने गेला तर नजरेने त्याचा पाठलाग करू नका. थेट सूर्याकडे पाहून दृष्टिपटलाला झालेली इजा कायमची असू शकते. गॉगल लावत असाल तर एक लक्षात ठेवा : पोलराइज्ड काचांतून काही मोबाइलचे पडदे काळे दिसतात. त्यापेक्षा मोठ्या काठाची टोपी बरी. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो, त्यातून पायाजवळचा दगड धूसर दिसतो. मैदानात चालताना हे ध्यानात असू द्या.

हात, हृदय आणि ऊन

अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेल्यांना रिमोटच्या कळा बारीक बारीक हलवणे त्रासाचे जाते. रिमोट मांडीवर किंवा छोट्या टेबलावर टेकवा आणि दहा मिनिटांनी हात मोकळे करा. हात थरथरत असतील तर घाबरून छंद सोडू नका. बहुतेक ड्रोनमध्ये हालचाली संथ करणारी सोय असते, ती कायम चालू ठेवा. कॅमेरा ज्या झुल्यावर बसवलेला असतो तो हादरे शोषून घेतो, त्यामुळे हातात मोबाइल धरून काढलेल्या फोटोपेक्षा इथला फोटो स्थिर येतो.

पेसमेकर असलेल्यांनी रिमोट, मोबाइल आणि ड्रोन छातीपासून निदान १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच दूर ठेवावेत. रिमोट गळ्यात पट्ट्याने अडकवला तर तो छातीवर नको, पोटाशी लोंबू द्या. ड्रोनच्या मोटारींत चुंबक असतात, त्यामुळे तो छातीशी कवटाळून नेऊ नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ड्रोन हातावर उतरवण्याचा प्रकार पूर्ण टाळावा. फिरत्या पात्याने झालेली जखम त्यांच्यात लवकर थांबत नाही. उतरण्यासाठी जमिनीवर एक सपाट चटई अंथरा आणि पाती थांबल्यावरच जवळ जा.

बॅटरी लिथियमची असते. फुगलेली, ठेचलेली किंवा पडलेली बॅटरी पुन्हा वापरू नका. गादीवर ठेवून किंवा रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. ती पेटली तर धूर फार विषारी असतो, आणि घरात दम्याचा किंवा फुप्फुसाचा रुग्ण असेल तर धोका दुप्पट.

वेळ सकाळचीच बरी. वारा कमी, ऊन कोवळे आणि सावल्या लांब, त्यामुळे फोटोही छान येतात. मात्र इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन उपाशीपोटी बाहेर पडू नका. साखर उतरली की हात कापतात, निर्णय चुकतात, आणि हे त्या माणसाच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात शरीरातले पाणी लवकर घटते. खुर्चीतून झटकन उठू नका.

पासष्टीची रेघ

सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम लागू केले. त्यानुसार ड्रोनचालकाचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी वय १८ ते ६५ वर्षांच्या दरम्यान असावे लागते. हे वाचून अनेक ज्येष्ठ हिरमुसतात. पण त्याच नियमांत वाटही आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनसाठी हे प्रमाणपत्र लागत नाही. २५० ग्रॅमच्या वर आणि दोन किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ ड्रोन व्यवसायासाठी नव्हे, केवळ हौसेसाठी उडवणाऱ्यालाही ते लागत नाही. म्हणजे पासष्टीची रेघ छंदाच्या आड येत नाही. मात्र मायक्रो ड्रोन घेऊन लग्नाच्या चित्रीकरणाची सुपारी घ्यायची म्हटले, की येते.

प्रमाणपत्र नको म्हणजे नियमच नको, असे मात्र नाही. नोंदणीचे नियम पाहून घ्या. ‘डिजिटल स्काय’च्या नकाशात हिरवा, पिवळा आणि लाल असे आकाशाचे भाग दाखवलेले असतात. हिरव्या भागात १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत उडवता येतो. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरची आहे. पिवळ्या आणि लाल भागांत परवानगीशिवाय उडवू नये. शिवाय सण, सभा किंवा बंदोबस्ताच्या काळात पोलीस आपापल्या हद्दीत ड्रोनबंदी जाहीर करतात. संरक्षित किल्ले, मंदिरे आणि अभयारण्ये यांसाठी वेगळी परवानगी लागते. नियम बदलत असतात, तेव्हा उडवण्याआधी ताजी माहिती घ्या.

परदेशी असलेल्या मुलामुलींसाठीही एक सूचना. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोन भारतात आणण्यावर बंदी आहे. बाबांच्या पंच्याहत्तरीला सूटकेसमधून ड्रोन आणण्याचा बेत विमानतळावरच अडकेल.

शेजाऱ्यांच्या गच्चीवर, विहिरीवर, नदीच्या घाटावर कॅमेरा वळवण्याआधी विचारा. गावात वयाचा मान असतो, पण तो दुसऱ्याच्या अंगणात डोकावण्याचा परवाना नाही.

कोणी थांबावे, कोणी सोबत जावे

फिट्स आटोक्यात नसलेले, अलीकडे पक्षाघात किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा प्रसंग आलेले, वारंवार चक्कर येणारे, स्मृतिभ्रंशामुळे निर्णय चुकू लागलेले, यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय रिमोट हाती घेऊ नये. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तितके आठवडे धूळ आणि वाऱ्यात जाऊ नये. झोपेची गोळी उतरलेली नसताना किंवा मद्य घेतल्यावर तर नाहीच.

बाकीच्यांना अडवू नका, असे मी घरच्यांना सांगेन. अडवण्यापेक्षा सोबत जा. एकाने ड्रोन उडवायचा आणि दुसऱ्याने शेजारी उभे राहून आजूबाजूला लक्ष ठेवायचे. घार आली, गुरे आली, मुले धावत आली, आभाळ भरून आले, की सांगायचे. हे काम नातवंडे फार आवडीने करतात. दोन मित्रांनी आळीपाळीने केले तर आणखी उत्तम.

फोटो कशाचे काढायचे, हाही प्रश्न येतो. गुडघे झिजल्याने टेकडी चढणे बंद झालेल्या एका निवृत्त शिक्षिका दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून गावच्या तळ्याचा फोटो काढतात. सप्टेंबरातले भरलेले तळे आणि मे महिन्यातली भेगाळलेली माती शेजारी शेजारी ठेवली, की गाळ कुठे साचलाय हे कुणालाही दिसते. ते फोटो त्यांनी ग्रामसभेत दाखवले. त्यांच्या गुडघ्यांत काही फरक पडलेला नाही, पण त्या महिन्यातून चार वेळा घराबाहेर पडतात आणि लोक त्यांना तळ्याविषयी विचारायला येतात. माझ्या औषधांच्या चिठ्ठीत यापैकी काहीच लिहिता येत नाही.

तेव्हा सुरुवात लहान ठेवा. आधी डोळे आणि रक्तदाब तपासा, मग हलका ड्रोन, मोकळे मैदान, पक्की खुर्ची आणि सोबतीला एक माणूस. पहिला महिना २० मीटरच्या वर जाऊ नका. घाई नाही. आकाश कुठे जात नाही.